ताऱ्यांच्या जागी २.४

१२ मार्च

ताई,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, म्हणून नुसतं ताई. काल तुला अकरा वेळा फोन लावला. मग भावजींना लावला. ते म्हणाले, "ती झोपलीये," आणि मागे तू कुणाला तरी "दार लावून घ्या" म्हणताना स्पष्ट ऐकू आलीस. म्हणून आता कागद. त्याला झोपलेय म्हणून सांगता येत नाही.

परवा रुग्णालयात चौकशी झाली. तू येणार होतीस. तुझ्याऐवजी तुझं निवेदन आलं. चौकशीच्या मुख्य डॉक्टरबाईंनी ते मोठ्याने वाचलं. "आमच्या कंपनीत प्रयोगशाळेच्या फायली वाचून डॉक्टरांच्या पडद्यावर नेण्याचं सर्व काम माझी धाकटी बहीण पाहते. त्यातले निर्णय तिचेच असतात." वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. खरंच होतं ते. अभिमानाने डोलावली, हेही लिहून ठेवते.

शिंपीकाकांबद्दल तुला माहीत आहे, की तेवढंही तू विचारलं नाहीस? अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. दर महिन्याला तपासणी, आकडा दोन आणि तीनच्या मध्ये हवा. जानेवारीत २.४ होता. मग दुसऱ्या डॉक्टरांनी कसलंसं नवं औषध दिलं, त्याने गोळीचा जोर वाढला. फेब्रुवारीत पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांच्या पडद्यावर पुन्हा २.४. डॉक्टर म्हणाले, छान, गोळी तेवढीच चालू ठेवा. सहाव्या दिवशी मेंदूत रक्तस्राव. जगले. उजवा हात हलत नाही. त्यांची मुलगी बाहेर बाकावर मांडीवर फाईल घेऊन बसली होती. मला वाटलं कुणीतरी कर्मचारी असेल, मी तिला किती वाजले विचारलं.

प्रयोगशाळेतल्या बाई आल्या, त्याच, ज्यांना तू फोनवर "माझ्या बाई" म्हणतेस. त्यांनी मशीनमधून निघालेला कागद टेबलावर ठेवला. शिंपीकाकांच्या नावापुढे आकडा नव्हता. पाच तारे होते, छापील.

"तारे म्हणजे काय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"म्हणजे मशीनला मोजता येईल त्याच्या पलीकडे. फार जास्त."

"मग तुम्ही वॉर्डात फोन का नाही केलात?"

"आम्हाला सांगितलं होतं, तारे आले की डॉक्टरांच्या पडद्यावर आपोआप लाल दिसतं."

"कुणी सांगितलं होतं?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. आपल्या दोघींचा आवाज फोनवर सारखा येतो ना.

मी काय बोलले, ते शब्दशः लिहिते. "तारे असलेली फाईल माझा प्रोग्राम घेतच नाही. आकड्याच्या जागी आकडा नसेल तर तो थांबतो आणि कितव्या ओळीत चूक आहे ते सांगतो. तो अंदाज करत नाही." शेवटचं वाक्य मी जरा सावकाश बोलले. मग चौकशीतल्या संगणकाच्या माहितगाराने माझ्या प्रोग्रामपर्यंत पोचलेली फाईल पडद्यावर लावली. तीच फाईल, तोच दिवस, तोच मिनिट. त्यात तारे नव्हते. २.४ होता.

मशीनपासून माझ्यापर्यंत येताना वाटेत कुणीतरी तो आकडा भरला होता. कोण, ते अजून मी शोधलेलं नाही. तू आधी सांगशील म्हणून थांबले आहे.

धाकटी


१५ मार्च

ताई,

तू सांगितलं नाहीस. मी शोधलं.

चष्म्याच्या दुकानावरच्या आपल्या ऑफिसच्या दोन खोल्यांत मी कालची पूर्ण दुपार बसले होते. तुझ्या खुर्चीवरचं जाकीट अजून तसंच आहे. येणाऱ्या फायली माझ्याकडे येण्याआधी एका फोल्डरमध्ये थांबतात, हे मला माहीतच नव्हतं. तिथे एक छोटा प्रोग्राम आहे, दोनशे दहा ओळींचा. त्याचं नाव 'सांभाळून_घे'.

नाव वाचल्यावर लेखक कोण ते विचारायची गरज नव्हती. पण मी तो ओळीओळीने वाचला, आणि ताई, तो इतका नीटस आहे. प्रत्येक भागाच्या डोक्यावर एका वाक्यात काय करायचं ते लिहिलंय. नावं वाचता येतील अशी आहेत. एका भागात एकच काम. जसं मी शिकवलं होतं तसं.

चार वर्षांपूर्वी तू म्हणाली होतीस, "मला पण शिकव ना थोडं, गिऱ्हाइकांसमोर नुसतं हो-हो करायचा कंटाळा आला." मग रविवार दुपारी तू यायला लागलीस. तू उलटीसुलटी उदाहरणं काढायचीस, मी रागवायचे, तू म्हणायचीस, "मारू नका बाई, गृहपाठ विसरले." आपल्या दोघींचं लहानपणी कधी इतकं जमलं नव्हतं. मी डायरीत त्या दुपारींबद्दल पानंच्या पानं लिहिली आहेत, आता वाचवत नाहीत. तुला शिकायचं होतं हे खोटं नसेल. पण ते शिकून तू पहिलं काम हे केलंस, आणि ते माझ्यापासून लपवण्याइतकं चांगलं केलंस.

सात नियम आहेत त्यात. तारखेत दिवस-महिना उलटा असेल तर सुलटा कर. दशांशाच्या जागी स्वल्पविराम असेल तर टिंब कर. शेवटची ओळ अर्धवट असेल तर काढून टाक. एक रकाना जास्त आला तर शेवटचा गाळ. इथवर वाचताना मी मान हलवत होते, चुकीचं पण समजण्यासारखं. मग पाचवा. आकड्याच्या जागी आकडा नसेल तर त्या रुग्णाचा मागचा आकडा घे. वर तुझं वाक्य, "रिकामं पाठवण्यापेक्षा बरं."

उरलेले दोन पहिल्या चारांसारखेच, किरकोळ.

आणि कुठे नोंद नाही. काय बदललं, कधी बदललं, कुणाचं बदललं, एक ओळ नाही. मी तुला पहिल्याच रविवारी सांगितलं होतं की काहीही बदललं तर लिहून ठेवायचं. बाकी सगळं लक्षात राहिलं तुझ्या.

आता त्या भाषणाचं. कॉलेजने मला बोलावलं होतं. मी मुलांना आलेख दाखवला. सुरुवातीला दिवसाला तीस-चाळीस फायली आमचा प्रोग्राम परत करायचा, लोक ओरडायचे, आम्ही ढिले पडलो नाही, आणि बघा, आता शून्य. तुम्ही ठाम राहिलात की समोरचा सुधारतो, असं मी म्हटलं. तू पहिल्या रांगेत होतीस. ते शून्य तुझं होतं, आणि तू टाळ्या वाजवल्यास.

त्या टाळ्या वाजवताना तुला काय वाटत होतं, हे मला खरंच विचारायचं आहे. चौकशीसाठी नाही. माझ्यासाठी.

धाकटी


१९ मार्च

ताई,

तुझा निरोप फोनवर आला. तो इथे उतरवून घेते, कारण फोनवरचं पुसलं जातं. "तू फायली परत करायचीस, मी माणसं सांभाळायचे. दोन्ही कामं तुला जमली असती तर मला काही करावं लागलं नसतं. वकील म्हणतो तोंड उघडू नका. पंधरा दिवस थांब. माझं ऐक एकदा तरी."

पहिल्या दोन वाक्यांवर मी कालची अख्खी रात्र घालवली. त्यात तथ्य आहे, आणि ते मी नाकारलं तर हे पत्र लिहिण्याचा मला हक्क उरत नाही. तू म्हणायचीस, "तुझा प्रोग्राम म्हणजे खाष्ट सासू. ताटात एक केस दिसला की अख्खी पंगत उठवते." एकशे ऐंशी रुग्णांची फाईल एका वाकड्या ओळीसाठी मी परत पाठवली होती. त्या दिवशी प्रयोगशाळेतल्या त्या बाई मशीनच्या पडद्यावरचे आकडे चिठ्ठ्यांवर उतरवून वॉर्डावॉर्डात पळत होत्या. तू मला फोन केलास. मी म्हटलं, "फाईल नीट पाठवायला सांग." तू म्हणालीस, "अगं, ते मशीन त्यांच्या जन्माआधीचं आहे, ते काय नीट पाठवणार." मी म्हटलं, "मग मशीन बदलायला सांग." आणि फोन ठेवला. ठेवताना मला बरं वाटलं होतं.

नीट असलेल्या एकशे एकोणऐंशी ओळी आत घेऊन ती एक बाजूला काढता आली असती. काय समजलं नाही ते माणसाला दाखवून त्याच्याकडून ठरवून घेता आलं असतं. दोन आठवड्यांचं काम होतं. मला ते सुचलं नव्हतं असं नाही. मला ते लाड वाटले.

तरी ताई, मी फाईल परत केली की निदान सगळ्यांना कळायचं की काहीतरी बिनसलंय. तू ते कळणंच काढून घेतलंस. माझा प्रोग्राम उद्धट होता. तुझा गोड बोलून खोटं सांगत होता, आणि तेही माझ्या तोंडून. डॉक्टर तो आकडा मानायचे, कारण आपला प्रोग्राम अंदाज करत नाही ही ख्याती होती. तू माझ्या हट्टाची पत वापरलीस. तुझ्या प्रोग्रामला तुझं नाव असतं तर कदाचित कुणीतरी पुन्हा तपासलं असतं.

आता पंधरा दिवसांचं. प्रयोगशाळांमधली मशीन मूळ फाईल नव्वद दिवस ठेवतात. दर सोमवारी सगळ्यात जुना आठवडा पुसला जातो. अकरा रुग्णालयं आपला प्रोग्राम वापरतात. शिंपीकाकांसारखे आणखी किती आहेत ते फक्त त्या मूळ फायली सांगू शकतात. पंधरा दिवस थांबायचं म्हणजे दोन आठवडे कायमचे गेले. त्या आठवड्यांत कुणाचे तारे असतील? त्यांच्यातले काही आजही तीच गोळी घेत असतील, डॉक्टर म्हणाले छान, म्हणून.

सतरा तारखेचा सोमवार आधीच गेला. मी तुझ्या उत्तराची वाट बघत होते. तो आठवडा माझ्या नावावर.

आई रोज विचारते, "दोघी बोललात का?" मी हो म्हणते.

धाकटी


२३ मार्च, रविवार

ताई,

आज दुपारी अकराही रुग्णालयांना पत्र गेलं. वकिलाला विचारलं नाही. तुलाही नाही. भावजींचा आत्ताच फोन येऊन गेला. ते म्हणाले, "घरचं भांडण चव्हाट्यावर आणलंत. उद्या कंपनी बंद झाली की कळेल." मी म्हटलं, "बंद होईलच." ते म्हणाले, "तुम्ही आधीपासून अशाच आहात." हे बहुधा खरं आहे.

पत्राची प्रत सोबत आहे. मूळ फायलींची नक्कल उद्या सकाळच्या आत काढून ठेवा, हे पहिलंच वाक्य. मग काय घडलं, कोणते आकडे संशयास्पद, कसे ओळखायचे. तुझं नाव आहे. खूप विचार करून घातलं. 'आमच्या कार्यालयाकडून' असं लिहून बघितलं होतं, वाचायला सभ्य वाटलं. पण कुणी केलं ते पुसून एक बरं दिसणारं वाक्य भरायचं, तर मग तुझ्या पाचव्या नियमात आणि माझ्यात फरक काय राहिला?

म्हणून माझंही लिहिलं. इतके दिवस तुला जे सांगितलं नाही, ते त्या पत्रात आहे. तिथे वाचण्याआधी इथे वाच.

मला काहीच माहीत नव्हतं, असं मी चौकशीत म्हटलं. पंधरा तारखेच्या पत्रातही त्याच सुरात लिहिलं. ऑक्टोबरमध्ये मी सहज म्हणून पाच प्रयोगशाळांच्या फायली शेजारी शेजारी उघडल्या होत्या. पाच वेगवेगळी मशीन, त्यातलं एक आपल्याहून म्हातारं. आणि सगळ्या फायली जुळ्या बहिणींसारख्या. तारखा एकाच पद्धतीच्या, टिंबं एकाच जागी. अशा फायली मशीनमधून येत नाहीत. हे मला एका नजरेत कळायला हवं होतं, आणि ताई, कळलं होतं. अर्ध्या मिनिटापुरतं. मग मी स्वतःला म्हटलं, बघ, सुधारले सगळे. आणि खिडकी बंद केली.

तू मला फसवलंस. पण ऑक्टोबरपासून पुढे मी तुला मदत करत होते.

धाकटी


३ एप्रिल

ताई,

नऊ रुग्णालयांनी उत्तर दिलं. दोघांनी वकिलाची नोटीस दिली. मूळ फायली पुसण्यापासून वाचल्या. नव्वद दिवसांत, वाचलेल्या आठवड्यांत, आकड्याच्या जागी मागचा आकडा बसवलेल्या दोनशे बारा ओळी सापडल्या. बहुतेक ठिकाणी नमुना कमी पडला होता किंवा नळी फुटली होती, पुन्हा तपासणी करायची एवढंच. तारे असलेल्या एकोणीस.

एकोणीस जणांना फोन गेले. प्रयोगशाळेतल्या बाईंनी स्वतः केले. एक आजोबा त्यांना म्हणाले, "मी अगदी ठणठणीत आहे, तुम्ही कशाला घाबरवता?" बाईंनी त्यांना दटावून बोलावून घेतलं. हिरड्यांतून रक्त येत होतं, ते त्यांना नव्या ब्रशमुळे वाटत होतं. गोळी थांबवली. दोघी-तिघींचे तारे दुसऱ्या तपासणीतले होते, त्यांचं मूत्रपिंडाचं औषध बदललं. एका बाईंच्या घरून सांगितलं की त्या फेब्रुवारीतच गेल्या. कशाने ते कुणी तपासलं नव्हतं. आता तपासता येणार नाही.

बाईंनी मला हे सगळं जिन्यात उभ्या राहून सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमच्या ताई मला नेहमी म्हणायच्या, काळजी करू नका, मी बघते. मला फार आधार वाटायचा त्यांचा." पुढे म्हणाल्या, "तुमचा मात्र राग यायचा."

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. नव्वद दिवसांच्या आधीच्या फायली पुसल्या गेल्यात, पण मशीनमधून निघालेले छापील कागद प्रयोगशाळांनी खोक्यांत भरून ठेवलेत. तीन वर्षांची खोकी. ती हाताने उपसावी लागतील, एकेक कागद. तुझा पाचवा नियम पहिल्या दिवसापासून होता की नंतर घातलास, ते कुठेच लिहिलेलं नाही. तो कधीपासून चालू झाला एवढं कळलं तर त्याआधीची खोकी उघडायची गरज नाही. प्रयोगशाळांतल्या चार बायका आणि दोन पुरुष आपापलं काम सांभाळून हे करणार आहेत.

मला माफीचं पत्र पाठवू नकोस. स्पष्टीकरणही नको. टाळ्यांबद्दल विचारलं होतं, तेही राहू दे. तारखा पाठव.

धाकटी


१४ एप्रिल

ताई,

तुझा कागद मिळाला. वर मायना नाही, खाली नाव नाही. सात नियम आणि सात तारखा. अक्षर मात्र शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचीस तसंच, ठसठशीत. ताबडतोब रुग्णालयांना कळवलं. पाचवा नियम गेल्या वर्षीच्या नऊ ऑगस्टचा. म्हणजे चार-पाच महिन्यांची खोकी, तीन वर्षांची नाहीत. बाईंनी ऐकून खुर्चीत बसूनच घेतलं.

नऊ ऑगस्टच्या पुढे तू बारीक अक्षरात एक ओळ लिहिली आहेस. "आदल्या दिवशी तुला फोन करून विचारलं होतं, तारे आले तर काय करायचं. तू म्हणालीस, कचरा आहे, परत पाठव."

मी वाचून हसले. म्हटलं, आता हेही माझ्यावर. मग डायरी काढली. आठ ऑगस्टचं पान भरलेलं आहे, त्या दिवशी खिडकीची काच बदलली, तिचं वर्णन अर्धं पान. खाली शेवटी लिहिलंय, "ताईचा फोन, जेवताना. कुठल्यातरी मशीनच्या ताऱ्यांबद्दल. कचरा म्हटलं. तिला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते."

मला तो फोन आठवत नाही. अजिबात नाही. पण अक्षर माझं आहे.

मी त्याला कचरा म्हटलं, आणि तू तो झाकलास. त्या मशीनसमोर वीस वर्षं बसलेल्या बाईंना तारे म्हणजे काय हे विचारायला एक फोन पुरला असता. मी कडक म्हणून विचारलं नाही, तू प्रेमळ म्हणून विचारलं नाहीस. चौकशीत डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि बाईंनी एका वाक्यात सांगितलं.

ते पान आज चौकशीला दिलं. झेरॉक्स नाही, मूळ पान, वहीतून सोडवून. डॉक्टरबाईंनी वाचून विचारलं, "हे तुम्ही द्यायलाच हवं असं नाही, कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय. त्यांनी ते शिंपीकाकांच्या फाईलमध्ये लावलं.

बाहेर शिंपीकाकांची मुलगी होती. या वेळी मी तिला माझं नाव सांगितलं, आणि तुझं. ती म्हणाली, "बाबा डाव्या हाताने सुई ओवायला शिकतायत. रोज वैतागतात." मग तिने विचारलं, "तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी ना?"

मी हो म्हटलं. त्या एका प्रश्नाला तरी मला डायरी बघावी लागली नाही.

ताई, तू मला न सांगता केलंस, तीन वर्षं, माझ्याच शिकवणीने. आठ ऑगस्टचं पान त्याला पुसत नाही आणि ते त्या पानाला पुसत नाही. दोन्ही जसं आहे तसं माझ्याकडे राहील. पुढची सुनावणी सोमवारी अकरा वाजता आहे. तू ये. तुझी तारीख तू सांग, माझी मी सांगेन. शेजारी बसायची गरज नाही.

धाकटी